क्रँकशाफ्ट डँपर

इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधील (पिस्टनांची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या भुजादंडातील) पिळाची कंपने आटोक्यात ठेवणारे जड चक्र. ते शाफ्टच्या पुढच्या, मोकळ्या टोकावर बसवतात. मिरकरवाडा, हर्णे, देवगड अशा कोकणातील बंदरांतून सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या ट्रॉलरांना त्याचे महत्त्व फार, कारण शाफ्ट तुटला की बोट भर समुद्रात वाऱ्यावर सोडल्यासारखी होते.

क्रँकशाफ्ट पोलादी असला तरी पिळतो. एका सिलिंडरमध्ये इंधन पेटले की पिस्टनचा दणका शाफ्टला त्या जागी पुढे रेटतो. शाफ्टच्या मागच्या टोकावरचे जड चक्र, फ्लायव्हील, मात्र आपल्याच गतीने फिरत असते. मधला भाग ओला पंचा पिळावा तसा किंचित पिळतो आणि दणका ओसरताच उलटा सुटतो. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला असे 3 दणके बसतात. मिनिटाला 1,800 फेरे असतील तर सेकंदाला 90. पिळण्या-सुटण्याची शाफ्टची स्वतःचीही एक लय असते. दणक्यांची किंवा त्यांच्या पटीतली लय तिच्याशी जुळली की अनुस्पंदन होते आणि नेमक्या वेळी ढकललेल्या झोपाळ्यासारखा पीळ वाढत जातो. शेवटी शाफ्टला अक्षाशी सुमारे 45 अंशांत तिरकी चीर पडते. फ्लायव्हील इथे पुरत नाही, कारण या कंपनाचा स्थिर बिंदू त्याच्याजवळच असतो. सर्वांत मोठा हेलकावा पुढच्या टोकाला बसतो.

रबरी डँपरमध्ये मधला तुंबा आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तुंबा शाफ्टबरोबर थरथरतो, कडे जडत्वामुळे मागे राहते, आणि रबर पिळवटून कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. मोठ्या डिझेल इंजिनांवरच्या द्रव डँपरमध्ये बंद डब्यात कडे मोकळे असते आणि भोवती काकवीहून कितीतरी दाट सिलिकॉन द्रव असतो. डबा आणि कडे यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाइतकीच. पुली काढताना डब्यावर हातोडा बसून पोचा पडला, तर कडे अडकते आणि डँपर निकामी होतो. बाहेरून तो पूर्वीसारखाच दिसतो, हा खरा धोका.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने अशा डँपरचा पाया घातला. गॅरेजांत त्याला ‘बॅलन्सर’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करते, कारण त्यावरून बोटीची थरथर थांबवणे हेच त्याचे काम वाटते. बोटीची फळी थरथरते ती बहुधा वाकलेला पंखा, इंजिनाचे सैल माउंटिंग किंवा पंख्याच्या शाफ्टची चुकलेली सरळ रेषा यांमुळे. पिळाचे कंपन हाताला जाणवतेच असे नाही, म्हणून ‘इंजिन शांत चालते’ एवढ्यावर डँपर ठीक आहे असे मानू नये. पुढच्या टोकाचा बोल्ट वारंवार सैल होणे, टायमिंग गिअरांचा खडखडाट, या खुणा अधिक बोलक्या.

जाळे ओढणारा विंच चालवण्यासाठी पुढच्या टोकाला जड पुली जोडली की शाफ्टची मूळ लय बदलते. दुसऱ्या इंजिनाचा डँपर बोल्टांत चपखल बसला तरी त्याची लय वेगळी असू शकते. खाऱ्या हवेने गंजणारे कडे, तेलाने फुगणारे आणि बंद इंजिनखणातल्या उष्णतेने तडकणारे रबर, हे किनाऱ्यावरचे नेहमीचे दुखणे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत इंजिन उघडले जाते, तेव्हा रबरी डँपरच्या तुंब्यापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली, तर कडे सरकले आहे. तो डँपर बदलावा.