उजनीची मासळी आणि ‘मृत’ साठा : पार्श्वभूमी

दसऱ्याच्या सुमारास भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी निवळतं आणि काठावर गळवाले दिसू लागतात. गळाला काय लागणार, हे मात्र आधीच्या उन्हाळ्यातच बरंचसं ठरलेलं असतं.

भीमेत पूर्वी वाम, मरळ, शिंगटा मिळायचे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि नदीवर जाळं टाकणाऱ्यांना जलाशयाची मासेमारी नव्याने शिकावी लागली. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं, कारण विणीसाठी त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, थोपलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. चिलापीला (टिलापिया) कशाचीच अडचण नाही. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता.

खरा घोळ ‘मृत साठा’ या शब्दाचा आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृत, म्हणजे सिंचनासाठी न धरलेलं, उरलेलं उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणजे धरण ‘शून्य टक्के’ होतं तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी आत असतं. त्याखाली गेलं की ‘वजा’, तेही उपयुक्त साठ्याच्याच मापाने. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मं पाणी संपलं. मृत हा शब्द सिंचनाच्या हिशेबातला. माशांचा उन्हाळा याच पाण्यात निघतो. सोलापूरची तहान आधी, याबद्दल वाद नाही. पण सोलापूर शहराला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी नदीत पाणी सोडण्याचा निर्णय होतो तेव्हा मासळीचा विचारही व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पाणी मागे सरकलं की गाळात परातीएवढे गोल खड्डे उघडे पडतात. ती चिलापीच्या नरांनी खोदलेली घरटी. उन्हाने त्यांच्या कडा भेगाळतात, पण पिल्लं वाचलेली असतात, कारण मादी अंडी तोंडात घेऊन खोल पाण्याकडे निघून जाते. कटला-रोहूचं तसं नाही. आटलेल्या डोहात ते दाटीवाटीने उरतात आणि बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात बोटभर पिल्लंसुद्धा निघतात.

मग ऑक्टोबरात कणकेची गोळी लावून गळ टाकला, की दोऱ्याला तळहाताएवढी चिलापीच लागते.