दुर्बीण ओली असताना पेटी बंद करू नका

(भाड्याने दुर्बिणीचा संच नेणाऱ्या आणि स्वतःचा संच सफाईला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

"परत घेताना पेटी उघडून एवढे काय तपासता?" आणि "अनामत रक्कम दुसऱ्या दिवशी का?" हे दोन प्रश्न आम्हाला कायम विचारले जातात. दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे दव.

रात्रभर ताऱ्यांचे फोटो काढून पहाटे सगळे दमलेले असतात. लेन्सला झाकण लावले, दुर्बीण फोममध्ये ठेवली, पेटीच्या क्लिपा दाबल्या आणि पेटी डिकीत टाकली, की काम संपले असे वाटते. मग न्याहारी, झोप, आणि दुपारी आमचे दुकान. तोवर डिकी उन्हाने तापते, फोमने शोषलेले पाणी आतल्या आत वाफ होऊन फिरते आणि पुन्हा काचेवर बसते. ओल, ऊब आणि अंधार मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवे? असा संच आला की नळी, फोम, माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) सगळे सुटे करून वाळवावे लागते, आणि ज्यांनी पुढच्या रात्रीसाठी तोच संच राखून ठेवला आहे त्यांना नाही म्हणावे लागते. चंद्र नसलेल्या, निरभ्र रात्री महिन्यात मोजक्याच. त्यातली एक वाया गेली की ज्याची गेली त्यालाच कळते.

बुरशी धरलेली लेन्स ओळखायची असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आत पाहा. कडेपासून मध्याकडे पसरलेले पांढुरके बारीक धागे दिसतात. वेळीच सापडली तर सफाई होते. पण बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप खाते. तो एकदा खाल्ला गेला की धागे निघाले तरी त्यांचे व्रण राहतात, आणि फोटोत व्याध किंवा अगस्ती अशा ठळक ताऱ्यांभोवती धुरकट वलय उमटते. म्हणून जुन्या बुरशीच्या सफाईची हमी आम्ही देत नाही. पैसे घेण्याआधी लेन्समधले व्रण ग्राहकाला दाखवतो.

तर पहाटे काय करायचे? झाकण काढलेलेच राहू द्या. खोलीत नेऊन दुर्बीण आडवी ठेवा, पंखा लावा, पेटीही उघडी टाका आणि खुशाल झोपा. उठल्यावर काच, नळी आणि फोम तिन्ही हाताला कोरडे लागले की मगच पेटी भरा. उन्हात वाळवू नका. उघडी दुर्बीण चुकून सूर्याकडे वळली तर डोळा जाऊ शकतो, आगही लागू शकते. हेअर ड्रायरही नको.

रुमाल किंवा पंचा तर मुळीच नको. आरे-वारेपासून आंबोळगडापर्यंत कुठेही किनाऱ्यावर बसलात तरी वाऱ्याबरोबर खार येतेच. ती काचेवर सुकली की तिचे कण होतात, आणि कोरड्या कापडाने पुसताना तेच कण लेपावर ओरखडे काढतात. हातपंपाने हवा मारा, बाकीचे आमच्यावर सोडा. खार विरघळवूनच काढावी लागते.

दव पडूच नये, हे सगळ्यात उत्तम. स्वच्छ आकाशाखाली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. दमट हवेत तेवढा फरक पुरतो. समोरच्या काचेच्या जरा मागे गुंडाळायचा हीटर पट्टा पॉवर बँकेवर चालतो. तो दव दिसल्यावर लावून उपयोग नाही, पहिल्या फोटोच्या आधीच सुरू करायचा. हाताला जेमतेम कोमट लागला की पुरे. प्रत्येक भाड्याच्या संचाबरोबर पट्टा आम्ही आग्रहाने देतो तो याचसाठी. विकतही मिळतो. आणि एसी खोलीतून निघताना संच पेटीतच बंद ठेवा, बाहेरच्या हवेइतका तापू द्या, मग उघडा. नाहीतर उघडताक्षणी काच धुकटते.

जागा निवडताना समुद्राबरोबर उत्तरही मोकळी आहे ना, ते पाहा, कारण माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखून जुळवावा लागतो. रत्नागिरीहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर असतो, मालवणात 16. माडांच्या रांगेमागे तो गेला की माउंट जुळवण्यात अर्धी रात्र जाते.

मे महिन्यात आमच्याकडे गर्दी होते, ती रास्तच आहे. महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला 25 अंशांवर येतो, आणि त्यानंतर आकाशगंगेचा गाभा वर चढतो. पण याच दिवसांत हवाही फार दमट असते. त्या महिन्यात वर सांगितलेले सगळे दुप्पट काळजीने करा.

स्वतःचा संच असणाऱ्यांनी पेटीत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले असे समजा. निळ्या रंगात कोबाल्टचे क्षार असतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या कढईत ते भाजू नका. आमच्याकडे आणा, बदलून देतो.

पावसाळ्यात आम्ही भाड्याने काही देत नाही. तेव्हा आमची कपाटे ग्राहकांच्या संचांसाठी मोकळी असतात, आतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर राखलेली असते. घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, तयारी सुरू होते तेव्हाच दुर्बिणीचीही करावी. संच मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणून द्या. पाऊस सुरू झाल्यावर आलेला संच आधी वाळवून मगच कपाटात घेतो, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.