सांडपाण्यातील नत्र-स्फुरद आणि विजेची जुनी वाट : पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत, म्हणजे कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांत, गावाच्या नाल्या उतरू लागल्या की पाणी हिरवे पडते, जलपर्णी पसरते आणि ढिवर बांधवांच्या जाळ्यात मासळी येईनाशी होते. या हिरवेपणाचे कारण डोळ्यांना दिसणाऱ्या गाळापेक्षा पाण्यात विरघळलेल्या नत्र-स्फुरदात अधिक असते. कॅनडातील एक तलाव १९७३ साली मधोमध पडदा लावून विभागला गेला; दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र सोडले, पण स्फुरद एकाच भागात, आणि शेवाळाने दाट हिरवा झाला तो तेवढाच भाग.

सांडपाण्यावर विजेचा प्रयोग मात्र याच्या कितीतरी आधीचा आहे. विल्यम वेबस्टर यांनी १८८९ च्या सुमारास लंडनच्या क्रॉसनेस येथे मैलापाण्यात लोखंडी पट्ट्या ठेवून त्यांतून वीज सोडली. विरघळलेल्या लोखंडाचे गोळे होऊन घाण त्यांना चिकटली आणि वेगळी झाली. तेव्हा उद्देश दुर्गंधी आणि गढूळपणा घालवण्याचा होता, त्यामुळे हेच लोखंड स्फुरदालाही धरून ठेवते या गोष्टीला महत्त्व मिळाले नाही. पुढे १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी जिवाणूंच्या साहाय्याने मैलापाणी शुद्ध करण्याची पद्धत मांडली, आणि महागड्या विजेची वाट मागे पडली.

सांडपाण्यातून स्फुरद काढण्याची अट आली तेव्हा विजेची ही वाट पुन्हा आठवली. नत्राचे प्रकरण वेगळे आहे, कारण सांडपाण्यात ते मुख्यतः अमोनियाच्या रूपात असते आणि अमोनिया लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला फारसा जुमानत नाही. पाण्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) असेल तर धन ध्रुवावर, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीवर, क्लोरीन तयार होतो आणि तो अमोनियाचे रूपांतर मुख्यतः निरुपद्रवी नत्रवायूत करतो. मॅग्नेशियमचा धन ध्रुव वापरल्यास अमोनिया आणि स्फुरद दोन्ही एका स्फटिकात बांधले जातात, आणि तो स्फटिक खत म्हणून शेतात परत नेता येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हीच वाट सर्वांत मोलाची वाटते.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हा इतिहास वेगळ्या अर्थाने वाचावा लागतो. जिथे धुण्याभांड्याला अजून बोअरचे खारे पाणी वापरतात, तिथल्या मोरीच्या पाण्यात क्लोराइड आधीच असते आणि वरून मीठ घालावे लागत नाही. मात्र तोच क्लोरीन सेंद्रिय घाणीशी मिळून अपायकारक संयुगेही बनवतो, म्हणून नाल्यात सोडण्यापूर्वी उरलेला क्लोरीन आणि ही संयुगे तपासण्याची सोय गावातच असायला हवी.