विहिरींवरची झाकणं आणि आजचा उकाडा

चर्चगेटजवळ, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ मध्ये वाटसरूंसाठी खोदलेली, अजून गोड्या पाण्याची. अशा विहिरी मुंबईत वाड्यावाड्यांत होत्या. आज बहुतेक बुजलेल्या दिसतात, उरलेल्यांवर झाकणं आहेत, आणि त्यामागे एका डॉक्टरचा अहवाल आहे. शहरात हिवताप पसरला तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी कारणं शोधली आणि १९११ च्या अहवालात घरच्या विहिरी नि टाक्यांवर बोट ठेवलं. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास तिथे वाढत होता. मग पालिका विहिरी बुजवायला किंवा झाकायला सांगू लागली. विहिरीच्या पाण्याशी धर्म आणि श्रद्धा जोडलेल्या असल्यामुळे विरोध झाला, वाद पुष्कळ लांबले. आजही पालिकेचे कीटकनाशक खात्याचे लोक इमारतीच्या गच्चीवर चढून टाकीचं झाकण तपासतात, ते याच डासासाठी.

‘हवामान बदलात डॉक्टरांचं काय काम?’ असं कुणी विचारलं की मला ही झाकणं आठवतात. आजाराचं मूळ रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर असेल तर बाहेर जाऊन ते दाखवायचं, ही या शहराच्या वैद्यकाची जुनी रीत आहे.

त्याआधीची प्लेगची गोष्ट जास्त कडू आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पण सरकारी यंत्रणेने घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं जबरदस्तीने उचलून नेली. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला होता. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली. दाटीच्या वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. त्यासाठी जितकी गरिबांची घरं पाडली, तितकी नवी बांधली नाहीत. उपाय शास्त्राला धरून असला तरी लोकांना विश्वासात न घेता लादला की काय होतं, हे मुंबईने तेव्हाच पाहिलं. आज उष्णतेच्या किंवा पुराच्या नावाखाली वस्त्या हलवायची भाषा होते, तेव्हा डॉक्टरांनी हा भागही विसरू नये.

धुराचा धागा नंतरचा. १९७७-७८ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग घेऊन लोकांची फुफ्फुसं तपासली. लालबागला गिरण्या, चेंबूरला रिफायनरी आणि खत कारखाना. ‘चेंबूरला श्वास लागतो’ ही तक्रार त्यांनी मोजमापात आणली. कोळसा आणि तेल जाळल्याने जो धूर छातीत जातो, त्याच जळण्यातून पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइडही निघतो. हा दुवा आज अधिक जोरात मांडायला हवा.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पाणी ओसरलं आणि लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. एका दिवसाच्या पावसाचा दोष थेट हवामान बदलावर टाकता येत नाही, पण मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये दाखवलं. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक लागेल का ते विचारा, हा पालिकेचा पावसाळी सल्ला आता घरोघरी माहीत आहे. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच.

उन्हाबाबत मात्र आपण मागे आहोत. अहमदाबादने मे २०१० मधले मृत्यू नेहमीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ जादा मृत्यू दिसले. त्यावरून २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा झाला. मुंबईत पारा तितका चढत नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, तो म्हणूनच. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. ते हजारोंसमोर घडलं म्हणून मोजलं गेलं. पत्र्याच्या खोलीत दुपारी दगावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ एवढंच लिहिलं तर ऊन कागदावर येतच नाही, आणि कागदावर नसलेल्या गोष्टीसाठी पालिका पैसा काढत नाही. दाखला भरताना अंगाचं तापमान, खोली, कामाची जागा लिहिणं हे निवासी डॉक्टरच्या हातातलं काम आहे.

कागदोपत्री चौकट आहे. केंद्राचा हवामान बदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ चा. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ चा, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत सोडू तितका वायू शोषूनही घेण्याचं, लक्ष्य ठेवणारा.

राहिला रुग्णालयांचा स्वतःचा वाटा. २०१९ च्या एका अंदाजानुसार जगाच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे. भूल देण्याचा डेसफ्लुरेन वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापवतो, आणि सेव्होफ्लुरेन हा कितीतरी सौम्य पर्याय भूलतज्ज्ञांच्या हाताशी असतोच. दम्याच्या फवाऱ्याच्या पंपातल्या वायूपेक्षा आपल्याकडे रुळलेली, श्वासाने ओढायच्या कोरड्या पावडरची कॅप्सूल बरी, अर्थात ज्याला जोरात श्वास ओढता येतो त्याच्यासाठी.

आणि कचरा. शहरातल्या रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा वर्षानुवर्षे देवनारच्या भट्टीत जळत आला, शेजारी गोवंडीची दाट वस्ती. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो प्रकल्प हलवायला सांगितलं. भट्टीत काय जातं हे वॉर्डात ठरतं. जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जेवणाची पाकिटं, कागद, रिकामी खोकी पडली की तीही जळायला जातात. सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींना बादल्यांचे रंग कुणी नीट समजावून सांगितलेत का, हे उद्याच्या राउंडला विचारता येईल.