साठ हजार डॉलरची रेघ : एच-१बी व्हिसा आणि अमेरिकेतील स्थानिक संगणककर्मी

अमेरिकेत एखादी कंपनी एच-१बी व्हिसावर, म्हणजे पदवीधर परदेशी माणसाला तात्पुरत्या कामासाठी आणण्याच्या परवान्यावर, कर्मचारी नेमणार असेल, तर त्याच्या कामाच्या ठिकाणी एक सूचना प्रसिद्ध करण्याचे बंधन तिच्यावर असते. कागदावर लावायची झाल्यास ती दोन ठळक जागी, दहा दिवस लावावी लागते. पद कोणते, पगार किती, नेमणूक किती काळाची आणि तक्रार कुठे करायची, एवढा मजकूर तीत असतो. किमान वेतन आणि कामाच्या तासांविषयीच्या इतर सरकारी कागदांशेजारी फलकावर लागणारी ही सूचना म्हणजे त्या कार्यालयातील स्थानिक प्रोग्रामरचा या व्हिसाव्यवस्थेशी येणारा जवळजवळ एकमेव अधिकृत संबंध. त्याला कळवले जाते, त्याचे मत विचारले जात नाही. आणि या जागेसाठी आधी अमेरिकेत माणूस शोधला होता का, हा प्रश्न बहुतेक कंपन्यांनाही कोणी विचारत नाही. या व्हिसाने स्थानिकांचे किती नुकसान केले, या वादाचे मूळ कायद्याच्या अशा कलमांत आहे, आणि ती कलमे एकेका दशकात साचत गेलेली आहेत.

मूळ एच-१ वर्ग १९५२च्या कायद्यातला. तो विशेष गुणवत्तेच्या माणसांना तात्पुरत्या कामासाठी आणण्याकरिता होता. २९ नोव्हेंबर १९९० रोजी अध्यक्ष थोरले बुश यांनी सही केलेल्या कायद्याने त्यातून एच-१बी हा वर्ग वेगळा केला आणि वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा घातली. निकष आता विशिष्ट ज्ञान लागणारे काम आणि त्या विषयातील पदवी असा झाला. असामान्य गुणवत्तेच्या जागी पदवी आली आणि या एका बदलाने दार खूप रुंद झाले. स्थानिकांच्या संरक्षणासाठी कंपनीने कामगार खात्याला एक प्रतिज्ञापत्र द्यायचे होते : त्या भागातील प्रचलित वेतन किंवा आपल्याकडे त्याच कामाला मिळणारे वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते देऊ. हा अर्ज खात्याने सात कामकाजाच्या दिवसांत मंजूर करायचा आणि तपासायचे ते एवढेच, की तो अपूर्ण किंवा उघडउघड चुकीचा नाही ना.

या दारातून जाण्याची तयारी मुंबईत आधीच झालेली होती. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात १९७०च्या दशकापासून निर्यातीसाठी सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले होते. पुण्यात १९८१ साली इन्फोसिसची नोंदणी झाली. त्या काळात संगणक आयात करणे महाग आणि परवान्यांत अडकलेले, परदेशी दूरध्वनीची लाइनही दुर्मीळ. त्यामुळे काम इथे आणण्यापेक्षा माणूस क्लायंटकडे पाठवणे सोयीचे पडे. याला धंद्यात बॉडीशॉपिंग म्हणत. शब्द रुक्ष आहे, पण व्यवहार नेमका सांगतो : कंपनी विकत होती ते तास, उत्पादन नव्हे. एच-१बीला या व्यवहाराची आणि या व्यवहाराला एच-१बीची गाठ पडली.

वर्ष २००० जवळ आले, जुन्या प्रणालींतील दोन अंकी सालाची दुरुस्ती निघाली, इंटरनेट कंपन्यांची लाट आली आणि ६५,००० जागा अपुऱ्या पडू लागल्या. १९९८च्या कायद्याने मर्यादा १,१५,००० वर नेली. त्याच कायद्यात स्थानिकांसाठी सर्वांत महत्त्वाचे संरक्षण आले आणि त्याच कायद्यात ते पोकळही झाले. मोठ्या कंपन्यांपैकी ज्यांचे १५ टक्के किंवा अधिक कर्मचारी एच-१बीवर असतील, त्यांनी आधी अमेरिकेत भरतीचा प्रयत्न करावा आणि कोणा स्थानिकाला हटवून ही नेमणूक करत नसल्याची हमी द्यावी, असे ठरले. मात्र त्या कर्मचाऱ्याला वर्षाला ६०,००० डॉलर मिळत असतील किंवा त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असेल, तर या हमीतून सूट. कायद्यातला हा आकडा तेव्हापासून बदललेला नाही. महागाई धरली तर १९९८चे ६०,००० डॉलर आज जवळपास दुप्पट व्हायला हवेत. तसे झाले नाही, म्हणून जी सूट अपवादाला होती तीच वहिवाट झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासात स्थानिक कर्मचाऱ्याचे सर्वाधिक नुकसान या एका रेघेने केले आहे.

२००० साली मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली आणि नेमका त्याच सुमारास डॉटकॉमचा फुगा फुटला. माणसे येण्याची सोय वाढलेली आणि कामे आटलेली, अशी ती वर्षे होती. बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा हिशेब मांडला आहे. १९९४नंतर परदेशी संगणकतज्ज्ञांची संख्या वाढलीच नसती, तर २००१ साली अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांचे वेतन २.६ ते ५.१ टक्के अधिक आणि या क्षेत्रातील स्थानिकांचा रोजगार ६.१ ते १०.८ टक्के अधिक राहिला असता, असे त्यांचे अनुमान आहे. याच अभ्यासाप्रमाणे एकूण अमेरिकी अर्थव्यवस्थेला आणि ग्राहकांना मात्र फायदाच झाला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात : फायदा सर्वांत पसरला आणि तोटा एका पेशाच्या वाट्याला आला.

२००४पासून मर्यादा पुन्हा ६५,००० झाली, अमेरिकेतील विद्यापीठांतून पदव्युत्तर झालेल्यांसाठी आणखी २०,००० जागा ठेवल्या गेल्या. पण मर्यादा आवळल्याने कामे स्थानिकांकडे वळली असे सरसकट दिसत नाही. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात बहुराष्ट्रीय कंपन्यांनी अशा वेळी भारत, चीन आणि कॅनडातील आपल्या शाखांत भरती वाढवल्याचे आढळते. हिंजवडीतल्या इमारतींचा अर्थ या अंगानेही लावता येतो.

त्या रेघेचा परिणाम जवळून दिसला तो फ्लोरिडातील ऑरलँडो येथे. डिस्नेच्या सुमारे २५० तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०१४मध्ये नोकरी संपत असल्याचे कळवण्यात आले आणि उरलेल्या तीन महिन्यांत आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवायचे होते. त्यांपैकी एकाने नंतर वर्णन केले आहे : पहिले तीस दिवस त्याच्या कामाची नोंद करण्यात गेले, पुढचे तीस दिवस नवी माणसे शेजारी बसून ते काम करत राहिली, शेवटच्या तीस दिवसांत ती काम करत होती आणि तो पाहत होता. आपल्याकडे आयटीत याला केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती सोपवणे) म्हणतात आणि प्रकल्पाचा एक नेहमीचा टप्पा समजतात. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसासाठी ते काय असते, हे आपण समजून घ्यायला हवे. नवे कर्मचारी ठेकेदार कंपन्यांचे होते आणि कायद्याची सूट अशा व्यवहाराला वाट ठेवत होती. न्यायालयाने २०१६मध्ये या कर्मचाऱ्यांचे दावे फेटाळले.

येणाऱ्यालाही मोकळीक नसते, आणि त्याची झळ स्थानिकाला बसते. नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यासाठी किंवा निघून जाण्यासाठी साधारणपणे ६० दिवस मिळतात. ग्रीनकार्डावर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे, आणि मध्येच मालक बदलला तर प्रक्रियेचा मोठा भाग पुन्हा करावा लागू शकतो. पगारवाढ मागताना किंवा जादा तासांना नकार देताना असा माणूस कचरतो, आणि त्याच टीममधील स्थानिकाची सौदाशक्तीही त्याच्याबरोबर घटते. त्यात कामगार खात्याने ठरवलेल्या प्रचलित वेतनाच्या चार पातळ्यांपैकी खालच्या दोन त्या भागातील मध्यम वेतनाच्या खाली बसतात. प्रचलित वेतन दिल्याचा दाखला त्यामुळे प्रत्यक्षात स्वस्तात भरती केल्याचाही असू शकतो.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची अट घातली आणि अर्ज मर्यादेपेक्षा जास्त आल्यावर काढल्या जाणाऱ्या सोडतीत वरच्या वेतनपातळीला अधिक संधी देणारा नियमही त्याच वर्षी मांडला गेला. १९९८च्या कलमातील ६०,००० हा आकडा या घोषणेने बदललेला नाही. तो बदलण्यासाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कायदाच करावा लागेल.