बालकांतील खुजेपणा

एखाद्या बालकाची उंची त्याच वयाच्या मुलांच्या (किंवा मुलींच्या) तक्त्यावर तिसऱ्या शततमकाखाली, म्हणजे शंभरांतल्या सर्वांत बुटक्या तिघांत येत असेल, तर त्याला वैद्यकात खुजेपणा म्हणतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात, त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे.

या व्याख्येत बसणारी बरीच मुले ठणठणीत असतात. काहींचे आईवडीलच बुटके असतात. काही मुले उशिरा वयात येतात. ‘बापही दहावीनंतरच एकदम वाढला’ असे आजी सांगते, आणि ही माहिती तपासणीत खरोखर उपयोगी पडते. मूल मोठेपणी किती उंच होईल याच्या अंदाजासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात 13 सेंमी मिळवायचे, मुलीसाठी वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील 168 व आई 152 सेंमी असल्यास मुलाची अपेक्षित उंची 166.5 येते. हा अंदाजच; सात-आठ सेंमी इकडेतिकडे चालते.

आजार ओळखण्यासाठी एका दिवसाच्या उंचीपेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा. पहिल्या वर्षी मूल सुमारे 25 सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षी 10 ते 12, आणि चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी 5 ते 6. या वयात वर्षाला 4 सेंमीही वाढ नसेल, तर कारण शोधावेच लागते. मोजताना चपला काढून टाचा, कुल्ले व पाठ भिंतीला टेकलेली हवी, मुलींचा अंबाडा सोडलेला हवा. दारावरच्या पेन्सिलीच्या खुणांवर तारखा असतील, तर डॉक्टरांना त्याही चालतात.

जगभर सर्वाधिक मुले खुजी राहतात ती कुपोषण आणि वारंवारच्या जंतुसंसर्गाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) देशातील पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. मूत्रपिंडाचे जुनाट विकार, जन्मजात हृदयदोष, थॅलेसेमिया, मुडदूस, दीर्घकाळ पोटात घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही वाढ खुंटते. सीलिॲक रोगात गव्हातील ग्लूटेन आतड्याला बाधते. जुलाब नसतानाही नुसती उंची अडते आणि लोहाची औषधे देऊनही रक्त वाढत नाही.

एक ढोबळ खूण अशी: पोषण कमी पडले की आधी वजन घटते, मग उंची. संप्रेरकांच्या विकारात मात्र मूल बुटके पण गुबगुबीत दिसते. थायरॉइड मंदावलेल्या मुलाला बद्धकोष्ठ असते, थंडी सोसत नाही. गोळी सुरू झाली की वाढ पुन्हा वेग घेते. वृद्धी-संप्रेरकाचा अभाव त्यामानाने दुर्मीळ.

टर्नर लक्षणसमूह सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीत आढळतो. दुसरे एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. रुंद मान, मानेवर खूप खाली उतरलेले केस या खुणा प्रत्येकीत नसतात, म्हणून कारण न सापडलेल्या खुज्या मुलीची गुणसूत्र-तपासणी करतात. पुष्कळदा पाळी न आल्यावरच तिला आणले जाते, तोवर उंचीसाठीची मौल्यवान वर्षे गेलेली असतात. हातपाय धडाच्या मानाने आखूड असल्यास हाडांचा आनुवंशिक विकार संभवतो. ॲकाँड्रोप्लाझिया त्यांपैकी प्रमुख.

डाव्या पंजाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय, म्हणजे हाडे कितपत पक्व झाली ते कळते. हाडांच्या टोकांकडील कूर्चा मिटल्यावर वृद्धी-संप्रेरकाची इंजेक्शनेही उंची वाढवू शकत नाहीत. जाहिरातींतली पावडर किंवा बारला लोंबकळणे तर नाहीच नाही. ही महागडी इंजेक्शने बहुधा रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. 1985 पूर्वी हे संप्रेरक मृतांच्या पीयूष ग्रंथींतून काढत. त्यातून काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्यावर ते बंद झाले, आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेले संप्रेरक वापरात आले.