प्लेअर–हेडफोन ॲम्प जोडणी

खिशात मावणारा संगीत प्लेअर आणि हेडफोन यांच्या मध्ये हेडफोन ॲम्प्लिफायर हे तिसरे, छोटे यंत्र बसवून गाणे ऐकण्याची पद्धत. पाठ्यपुस्तकी भाषेत ॲम्प्लिफायरला ‘विवर्धक’ म्हणतात. वापरणारे नुसते ‘ॲम्प’ म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द काढला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी येतो मांडववाल्याचा ‘ॲम्प्ली’ आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर भिंतीसारखी रचलेली ‘डॉल्बी’. या नोंदीतला ॲम्प काडेपेटीपासून पत्त्यांच्या कॅटाएवढा असतो, बॅटरीवर चालतो आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. (डॉल्बी हे नाव मुळात आवाज कमी करण्यातून आलेले आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची सुरसुर दाबण्यासाठी. दसरा चौकातल्या पोराला हे सांगितले तर तो हसेल.)

प्लेअरच्या आत

प्लेअरमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. या आकड्यांचा विद्युतदाब करणारी चिप म्हणजे ‘डॅक’. डॅकमधून निघालेल्या संकेताला दाब असतो, पण अंगात जोर नसतो. हेडफोनचा पडदा हलवायला प्रवाह लागतो, म्हणून प्रत्येक प्लेअरमध्ये मुळातच एक इवलासा ॲम्प बसवलेला असतो. एका छोट्या सेलवर दिवस काढायचा असल्यामुळे बनवणारे त्याला अर्धपोटी ठेवतात.

जुन्या अनेक प्लेअरमध्ये या ॲम्पच्या तोंडाशी कपॅसिटर असे, डीसी (एकाच दिशेने वाहणारा स्थिर प्रवाह) हेडफोनमध्ये शिरू नये म्हणून. कपॅसिटर आणि हेडफोन मिळून एक गाळणी तयार होते आणि ती खालचे सूर अडवते. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आणि ईयरफोन १६ ओहमचा धरला, तर साधारण १०० हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि त्याखाली उतरतच जातो. डग्ग्याची घुमक याच पट्ट्यात असते. तोच प्लेअर १०,००० ओहम इनपुटच्या ॲम्पला जोडला, की ही मर्यादा ०.१६ हर्ट्झपर्यंत खाली सरकते, म्हणजे कानापुरती नाहीशीच होते. ‘ॲम्प लावला आणि बास आला’ असे जुने हौशी लोक सांगतात, त्यातला खरा भाग एवढा : बास फाइलमध्ये होताच, प्लेअर तो गिळत होता.

लाइन-आउट

हेडफोनच्या भोकातून ॲम्पला जोडणी केली, तर संकेत आधी प्लेअरच्या अर्धपोटी ॲम्पमधून जातो आणि मग बाहेरच्या ॲम्पमध्ये. पहिल्याने केलेली घाण दुसरा निष्ठेने मोठी करून दाखवतो. यावरचा उपाय म्हणजे लाइन-आउट. ही वाट आतला ॲम्प आणि आवाजाचे बटण दोन्ही टाळून डॅकचा संकेत एका ठरावीक पातळीवर बाहेर देते.

या जोडणीला बहर आला तो ॲपलच्या आयपॉडमुळे. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला. २००३ च्या तिसऱ्या पिढीपासून त्याच्या बुडाशी ३० पिनांचे रुंद सॉकेट होते आणि त्यातल्या काही पिनांवर लाइन-आउट मिळे. त्यासाठी बोटभर लांबीची खास केबल वापरत. तिचे नाव ‘एलओडी’ (लाइन-आउट डॉक). खाली ॲम्प, वर आयपॉड, दोन्हींना रबरबँडने बांधायचे आणि एका बाजूने केबलचा कान बाहेर आलेला, असे ते रूप. त्याला ‘स्टॅक’ म्हणतात. विजारीच्या खिशात तो विटेसारखा बसतो आणि बसताना टोचतो. २०१२ मध्ये ॲपलने लायटनिंग सॉकेट आणले, त्यात लाइन-आउट उरले नाही. मग बाहेर येऊ लागले ते आकडेच, आणि डॅकही ॲम्पच्याच डबीत जाऊन बसला.

लाइन-आउट नसलेला प्लेअर वापरायचा असेल तर त्याचा आवाज जवळपास पूर्ण ठेवावा, इक्वलायझर बंद करावा आणि पुढचे नियंत्रण ॲम्पच्या खुंटीवर, म्हणजे आवाजाच्या फिरत्या बटणावर, सोपवावे. पूर्ण आवाजाला सूर फाटत असतील तर दोन घरे मागे यावे.

जोडी जुळते कधी

ॲम्प चांगला की वाईट, हा प्रश्न हेडफोन कोणता हे कळल्याशिवाय निरर्थक आहे. दुकानात ‘जास्त मिलिवॉट म्हणजे भारी’ हा हिशेब चालतो, आणि तो चुकीचा आहे. हेडफोनचे दोन आकडे बघावे लागतात : इम्पीडन्स (संरोध), म्हणजे तो प्रवाहाला किती अडवतो, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका मिलिवॉटला किती डेसिबल आवाज देतो.

सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. एवढा आकडा पाहून लोक घाबरतात आणि ॲम्पशिवाय तो वाजणारच नाही असे धरून चालतात. पण या जातीचा हेडफोन एका मिलिवॉटला ९७–९८ डेसिबल देतो असे धरले, तर प्लेअरच्या १ व्होल्टला त्यात ३.३ मिलिवॉट जातात आणि शिखराला १०३ डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. गाण्याची सरासरी शिखराच्या १५–२० डेसिबल खाली असते. शांत खोलीत हे पुरते. ॲम्पने इथे ऐसपैस वाटेल हे खरे, पण त्यावाचून गाडी अडत नाही.

खरी अडचण येते काही प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनना. हायफायमॅनच्या एचई-६ ची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल आणि इम्पीडन्स ५० ओहम. त्याच १०३ डेसिबलसाठी त्याला सुमारे ९० मिलिवॉट, म्हणजे २.१ व्होल्ट आणि ४२ मिलिॲम्पिअर लागतात. साध्या प्लेअरकडे ते नसतात. इथे ॲम्प चैनीचा राहत नाही.

तिसरे टोक कानात खुपसायच्या ईयरफोनचे, ज्यांना ‘आयईएम’ (इन-इयर मॉनिटर) म्हणतात. १६ ओहम आणि ११० डेसिबलच्या आयईएमला १०३ डेसिबलसाठी ०.२ मिलिवॉट पुरतो. व्होल्टमध्ये सांगायचे तर ०.०६ देखील नाही. प्लेअरच्या एका व्होल्टचा सतरावा हिस्सासुद्धा वापरात येत नाही, त्यात वर ॲम्प कशाला? लावलाच तर दोन त्रास हमखास होतात. गाणे सुरू होण्याआधीच पार्श्वभूमीला ‘सूंऽऽ’ ऐकू येते, आणि खुंटी अगदी सुरुवातीला ठेवावी लागल्याने डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही, कारण स्वस्त खुंट्यांचे दोन ट्रॅक खालच्या टोकाला जुळत नाहीत. ॲम्पवर ‘गेन’चे, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा ते ठरवणारे, छोटे बटण असते ते यासाठी, आयईएमला ते ‘लो’वरच हवे.

आयईएमच्या बाबतीत ताकदीपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे आउटपुट इम्पीडन्स (प्लेअरचा किंवा ॲम्पचा स्वतःचा अडथळा), आणि तोच खोक्यावर छापलेला नसतो. काही आयईएमचा इम्पीडन्स सुरागणिक बदलतो. समजा तो कुठे ८ ओहम आणि कुठे ४० ओहम आहे. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या आवाजात ५ डेसिबलचा फरक पडतो; गायिकेचा गळा बदलल्यासारखा वाटावा इतका. तोच १ ओहम असेल तर फरक ०.८ डेसिबलवर येतो. म्हणून हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून आउटपुट कमी असावा, असा ठोकताळा आहे. जुन्या प्लेअरचा कपॅसिटर सोडला, तर आवाज पुरेसा असूनही ॲम्प लावावा असे सबळ कारण बहुधा हे एकच.

घरी केलेले ॲम्प

चू मॉय यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधे सर्किट प्रसिद्ध केले. एक दुहेरी ऑप-ॲम्प चिप (संकेत मोठा करणारी), ९ व्होल्टची बॅटरी, ती अर्धी-अर्धी वाटून मधला शून्य तयार करणारे दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर, एक खुंटी, दोन जॅक आणि आणखी मूठभर सुटे भाग, एवढाच पसारा. ‘सीमॉय’ या नावाने ते जगभर पसरले आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायची रीत पडली. पत्र्याचा उपयोग शोभेपुरता नाही : टूजी फोन जवळ असला की दर सेकंदाला २१७ झटक्यांची जी ‘टर्रर्र’ ऐकू येते, ती पत्रा बरीच अडवतो.

याहून विचारपूर्वक केलेले काम म्हणजे २०११ चा ‘ओ-टू’. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने तो मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला आणि २०१२ मध्ये तो गृहस्थ एकाएकी लिहायचा थांबला. दोन ९ व्होल्ट बॅटऱ्या, अर्ध्या ओहमच्या आसपास आउटपुट इम्पीडन्स, चिपा बाजारात कुठेही मिळणाऱ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला त्याची ॲल्युमिनियमची पेटी म्हणजे दुपारच्या चहाआधीचे काम.

कोल्हापुरातला वापर

कोल्हापूरचा कान गाण्यावर पोसलेला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांचे दरबारगायक होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. या घराण्याचे जुने गाणे आज ऐकायचे म्हणजे बहुतेक वेळा ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीनेक मिनिटे वाजणाऱ्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फायली ऐकणे. तिथे ॲम्पच्या मर्यादा उघड होतात. तबकडीवर वरचे सूर मुळात कमीच उमटलेले असतात, ते कोणतेही यंत्र परत आणत नाही. उलट चांगल्या जोडणीत सुईची खरखर अधिक स्वच्छ ऐकू येते. देवल क्लबात बैठक ऐकून आलेल्या माणसाने अशा तबकडीसाठी महाग स्टॅक घेऊ नये, असे माझे मत. अलीकडच्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याच्या जवारीची नाजूक झणझण गायकाच्या श्वासामागे चालू असते. तिथे सुरसुर नसलेली जोडणी ओळखू येते.

ठिकाण बदलले की गणितही बदलते. मुंबईकडे जाणाऱ्या एसटीत खिडक्यांच्या काचा थडथडत असताना उघड्या पाठीचा मोठा हेडफोन आणि ॲम्प घेऊन बसणे म्हणजे निव्वळ हौस. बाहेरचा गोंगाट ॲम्प कमी करत नाही; कान नीट बंद करणारे रबरी टोक करते. रंकाळ्यावर फिरताना दोन यंत्रे आणि तीन केबली सांभाळण्यापेक्षा एकटा प्लेअर बरा. स्टॅक शोभतो तो घरी, रात्री, अंथरुणावर. घरच्या जोडणीत बॅटरीचा आणखी एक फायदा असा, की भिंतीतल्या विजेशी संबंध नसल्याने अर्थिंगची घुरघुर येत नाही. चार्जर लावून ऐकले की ती पुष्कळदा परत येते.

पावसाळ्यात इथली हवा महिनोन्‌महिने ओली असते. खुंटीत आणि ३.५ मिमीच्या जॅकमध्ये गंज धरतो, मग फिरवताना खरखर आणि एका कानाचा आवाज गुल. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, खुंटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती दहा-वीस वेळा फिरवावी, आणि यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावे. महिनोन्‌महिने न वापरता पडलेला लिथियम सेल फुगू शकतो. फुगलेला दाबून बसवू नये.

चांदीच्या केबलीचे वेडही येतेच. हुपरीची चांदी हाताशी असलेल्या मुलखात ते स्वाभाविक. चांदीचा रोध तांब्यापेक्षा सुमारे ५–६ टक्के कमी असतो हे खरे. पण ०.१ चौरस मिमी जाडीच्या मीटरभर तारेत हा फरक एका ओहमचा शंभरावा भागही भरत नाही, आणि समोर हेडफोन ३२ ओहमचा असतो. चांदी पायातल्या पैंजणात जास्त चांगली वाजते.

कानांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि १०१ डेसिबलला आठवड्यात जेमतेम १९ मिनिटे. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरांना १०० डेसिबलची मर्यादा असते, आणि बाहेरचा ॲम्प ती सरळ ओलांडून जातो. स्वच्छ आवाज फाटत नाही, म्हणून तो मोठा झालेला लवकर कळतही नाही. ॲम्पची खुंटी शून्यावर आणून मगच हेडफोन कानाला लावायचा, ही सवय इथे कामाची.

सद्यस्थिती

२०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक गेले आणि इतर फोनवाल्यांनीही हळूहळू तेच केले. आता डॅक आणि ॲम्प दोन्ही करंगळीएवढ्या ‘डोंगल’मध्ये, यूएसबी-सी पिनेवर मिळतात. ॲपलचा यूएसबी-सी डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतो, आणि बहुतेक आयईएम व साध्या हेडफोनना तेवढ्यात दुसरे काही लागत नाही. जास्त ताकदीचे डोंगल ४.४ मिमीची ‘बॅलन्स्ड’ पिन देतात, म्हणजे प्रत्येक कानाला दोन उलट संकेत. तिथे दाब दुप्पट आणि ताकद कागदावर चौपट होते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये ॲम्प आतच असतो, त्यामुळे त्यांना ही जोडणी लागूच पडत नाही. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद झाल्याचे जाहीर केले, तरी जुने आयपॉड नवा सेल आणि मेमरी कार्ड टाकून चालवणारे आहेत, आणि त्यांच्या ड्रॉवरमध्ये ती बोटभर लांबीची केबल अजून असते.